विनावेतन अधिकारपद : सातारा–सांगली परिसरातील परंपरा आणि तिची किंमत

प्रस्तावना

सार्वजनिक अधिकारपद धारण करणाऱ्या व्यक्तीने त्या पदाचे वेतन घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता व्यक्तिगत नीतीचा वाटतो. वेतन नाकारणारा अधिकारी त्यागी ठरतो, घेणारा सामान्य ठरतो आणि अधिक मागणारा लोभी ठरतो, अशी ढोबळ वर्गवारी लोकमानसात रूढ आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र एवढ्यावर थांबता येत नाही. वेतन कोणी नाकारले, ते नाकारणे त्याला परवडले कसे, आणि त्याच्या निर्वाहाचा भार अखेर कोणी उचलला, हे तीन प्रश्न विचारले की हाच विषय सत्तेच्या स्वरूपाचा विषय बनतो. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या परिसरातील काही घटनांच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. हे दोन्ही जिल्हे 1949 पर्यंत प्रशासकीयदृष्ट्या बहुतांशी एकच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व 1960 मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे 1942 च्या चळवळीसंबंधीच्या लिखाणात येणारा ‘सातारा’ हा शब्द आजच्या दोन्ही जिल्ह्यांना उद्देशून आहे, हे आरंभीच लक्षात घ्यावयास हवे.

वतन, तैनात आणि पगार

मराठी राज्यव्यवस्थेत अधिकारपद आणि मोबदला यांचा संबंध आजच्यापेक्षा निराळा होता. गावचा पाटील, कुलकर्णी, परगण्याचा देशमुख, देशपांडे हे वतनदार होत. त्यांना दरमहा रोख रक्कम मिळत नसे. जमीन, हक्क, मानपान व रयतेच्या उत्पन्नातील वाटा असे त्यांच्या मोबदल्याचे स्वरूप होते. पद हीच मालमत्ता असल्याने ते वारशाने मिळे, भावाभावांत वाटले जाई, प्रसंगी विकलेही जाई. ज्याचे पदच मालमत्ता आहे त्याने ‘वेतन नाकारणे’ या शब्दप्रयोगाला काही अर्थ उरत नाही. हुजुरातीच्या कारभाऱ्यांना मात्र नेमणूक किंवा तैनात मिळे व ती दप्तरात नोंदली जाई. आज सर्रास वापरला जाणारा ‘पगार’ हा शब्द तर पोर्तुगीजांकडून आलेला आहे.

या व्यवस्थेत वाढलेल्या व तिच्यापेक्षा वेगळा आदर्श मागे ठेवून गेलेल्या पुरुषांत रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव अग्रभागी येते. कृष्णा–वेण्णा संगमावरील क्षेत्र माहुली हे त्यांचे गाव. सातारा शहरापासून ते हाकेच्या अंतरावर आहे. 1759 च्या सुमारास ते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. साताऱ्याचा रेसिडेंट राहिलेल्या ग्रँट डफने आपल्या 1826 च्या मराठ्यांच्या इतिहासात त्यांच्याविषयी लिहिताना, एका दिवसाच्या शिध्याहून अधिक काही घरात ठेवावयाचे नाही असा त्यांचा नियम असल्याचे नमूद केले आहे. पेशव्यांच्या वाड्यात रामशास्त्र्यांच्या पत्नीस दागिने घालून पाठविले असता शास्त्रीबोवांनी तिला ओळखण्यास नकार दिला, किंवा दक्षिणेसाठी आलेल्या सख्ख्या भावास सरकारातून इतरांइतकीच दक्षिणा देववून वरची रक्कम स्वतःच्या पदरची दिली, या आख्यायिका सर्वपरिचित आहेत. आख्यायिका म्हणूनच त्यांचा स्वीकार करणे इष्ट. परंतु त्यांचा आशय नीट पाहिला पाहिजे. रामशास्त्री वेतन घेत नव्हते असे कोणतीही परंपरा म्हणत नाही. नेमून दिलेल्या रकमेपलीकडचे काहीही, मग तो मान असो, भेट असो वा कुटुंबासाठी मिळालेली सवलत असो, त्यांनी नाकारले, असे ती म्हणते.

30 ऑगस्ट 1773 रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांस देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरा उपाय नाही असे सांगून रामशास्त्री पद सोडून निघाले आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. येथे वेतनाबरोबर पदच नाकारले गेले आहे. कित्येक लेखकांनी या प्रसंगाचे वर्णन केवळ न्यायनिष्ठेचे उदाहरण म्हणून केले आहे. ते योग्यच आहे. पण ज्याच्या घरात उद्याचा शिधा साठविलेला नाही तोच आज पद सोडून चालू लागू शकतो, हा त्यातला आर्थिक धागा दुर्लक्षिला जातो. गरजा अल्प ठेवणे हे रामशास्त्र्यांच्या बाबतीत केवळ वैराग्य नव्हते. ती न्यायाधीशाच्या स्वातंत्र्याची तयारी होती. बारभाईंच्या काळात ते पुन्हा पदावर आले व 1789 मध्ये त्यांचे निधन झाले.

नाकारणे आणि नाकारले जाणे

इंग्रजी अमलात वतनांना कायद्याचे रूप मिळाले. 1874 च्या मुंबई वंशपरंपरागत अधिकारपद कायद्याने वतनी पदांची व सेवेची चौकट ठरविली. तीत पाटील–कुलकर्णी हे वरच्या बाजूला होते, तर महार वतनदार खालच्या बाजूला. दोघेही ‘वतनदार’, पण त्या शब्दाचा अर्थ दोघांसाठी अगदी भिन्न होता. महार वतनदारांनी दिवसरात्र सरकारी काम करावे, सांगावा पोचवावा, सारा वसुलीच्या वेळी रयतेस बोलवावे, गावात येणाऱ्या अंमलदाराच्या दिमतीस राहावे आणि त्याबद्दल तुटपुंजी इनाम जमीन व दारोदार मागून आणावयाचे बलुते यांवर समाधान मानावे, अशी ती व्यवस्था होती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे बालपणीचे काही वर्षांचे वास्तव्य साताऱ्यात होते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. ती शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात त्यांनी 1874 च्या या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. सेवेचा मोबदला रोखीने व निश्चित मिळावा आणि ज्यास ही सेवा नको असेल त्यास जमिनीचा आकार भरून तीतून मुक्त होता यावे, हा त्या विधेयकाचा गाभा होता. विधेयक पुढे मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गावकी वतने रद्द होण्यास 1958 चा कायदा यावा लागला.

वेतन नाकारण्याच्या परंपरेचा गौरव करणाऱ्या लेखनात या विधेयकाचा उल्लेख सहसा आढळत नाही. तो असणे अत्यावश्यक आहे. कारण एकाच गावच्या चावडीत एकाला वेतन नको असणे हे भूषण होते आणि दुसऱ्याला वेतन नसणे ही वेठ होती. राजर्षी शाहू महाराजांनी 1918 मध्ये कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतने रद्द करून पगारी तलाठी नेमले, त्यामागेही हाच विचार दिसतो. पगार दिला की पद वंशाच्या हातून सुटते व शिकलेल्या कोणत्याही जातीच्या मुलास खुले होते. एकोणिसाव्या–विसाव्या शतकाच्या संधिकाळात पगार ही समतेची मागणी होती, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्ये 1838 च्या सनदवाद्यांनी पार्लमेंटच्या सभासदांना वेतन मिळावे ही मागणी आपल्या सहा कलमांत समाविष्ट केली होती, तीही याच कारणाने. ती मान्य होण्यास 1911 साल उजाडले व वर्षाला 400 पौंड ठरले. तोवर तेथील प्रतिनिधी विनावेतन होते, म्हणजेच बहुतांशी धनिक होते.

आपल्याकडील मानद पदांची कथा याहून वेगळी नाही. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर व 1884 च्या कायद्यानंतर जिल्हा व तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली. त्यांचे बिनसरकारी सभासद मानद असत. वकील, सावकार, इनामदार, मोठे बागायतदार यांना हे मानदपण सहज पेलत होते. कोरडवाहू शेतकऱ्याने जिल्ह्याच्या गावी सभेस जावयाचे म्हणजे दोन दिवसांचे काम बुडवावयाचे. लोकल बोर्डातील विनावेतन सेवेस त्याग म्हणणे म्हणूनच धाडसाचे ठरेल.

पाचशे रुपयांची मर्यादा

1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला. सरकारी नोकराचे वेतन सामान्यतः दरमहा 500 रुपयांपेक्षा अधिक असू नये, असे त्यात म्हटले होते. गोऱ्या सनदी नोकरांची हजारोंची वेतने डोळ्यांसमोर ठेवून केलेला हा ठराव विरोधी पक्षाचा होता. त्याची कसोटी 1937 मध्ये लागली. त्या वर्षी एप्रिलमध्ये मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान झाले ते साताऱ्याचे धनजीशहा कूपर. त्यांचे अंतरिम मंत्रिमंडळ जुलैपर्यंत टिकले. त्यानंतर बाळ गंगाधर खेर यांच्या नेतृत्वाखाली काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. या मंत्र्यांनी दरमहा 500 रुपये वेतन व घर आणि मोटार यांसाठी वेगळा भत्ता घेतला. खेड्यातील माणसाला पाचशे हीही डोळे दिपविणारी रक्कम होती. शेतमजुराच्या वर्षाच्या मिळकतीशी तिची तुलना होऊ शकत नव्हती. तथापि राज्यकर्त्याने आपले वेतन आपणहून खाली आणावे ही गोष्टच अपूर्व असल्याने तिचा परिणाम रकमेच्या मानाने फार मोठा झाला. मंत्रीही आपल्यासारखा माणूस असू शकतो, हा भाव खेड्यापाड्यांत रुजला. पुढील पाच वर्षांत सातारा जिल्ह्यात जे घडले त्याची ही एक पूर्वपीठिका म्हणता येईल.

औंध : राजाचे उत्पन्न कोणाचे?

याच सुमारास सातारा जिल्ह्याच्या अंतर्भागात आणखी एक प्रयोग आकार घेत होता. औंध हे लहानसे संस्थान. क्षेत्रफळ सुमारे 500 चौरस मैल, गावे 72, लोकसंख्या 1931 च्या शिरगणतीनुसार 76,000 च्या आसपास. तेही सलग नव्हते. औंध, आटपाडी, कुंडल व विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. आज औंध सातारा जिल्ह्यात आहे, तर आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात. 1909 पासून गादीवर असलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. किर्लोस्करवाडी त्यांच्याच आश्रयाने माळरानावर उभी राहिली होती.

त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत व पोलिश अभियंता मॉरिस फ्रीडमन यांच्या आग्रहाने बाळासाहेबांनी सत्ता प्रजेकडे सोपविण्याचे ठरविले. गांधीजींचा सल्ला घेऊन घटना तयार झाली व जानेवारी 1939 मध्ये ती अमलात आली. गावपंचायत, तिच्यावर तालुका पंचायत व तिच्यावर विधिमंडळ अशी तिची रचना होती. संस्थानाच्या वसुलाचा मोठा हिस्सा गावांच्या व तालुक्यांच्या हाती राहावा, अशी तिची दिशा होती.

संस्थानिकाला वेतन नसते. राज्याचे सारे उत्पन्न हेच त्याचे उत्पन्न असते आणि खासगी व दौलत यांतील सीमारेषा त्याच्याच मर्जीवर असते. अनेक संस्थानांत शिकारखाना, मोटारी, परदेशप्रवास यांवरचा खर्च शिक्षणावरच्या खर्चाच्या वर जात असे. अशा व्यवस्थेत राजाचा खासगी खर्च घटनेच्या मर्यादेत आणणे याचा अर्थ राजाने प्रथमच स्वतःस वेतनी मनुष्य बनविणे असा होतो. मंत्री वेतन कमी करून सामान्य माणसाच्या जवळ आले. राजा वेतन स्वीकारून आला, असेच म्हणावे लागते. हा विरोधाभास केवळ शाब्दिक नाही. ज्याच्या घेण्याला मर्यादाच नाही त्याच्यासाठी ठराविक वेतन हाच मोठा त्याग असतो. बाळासाहेब वयाने तेव्हा सत्तरीत होते, हेही नोंदविण्यासारखे आहे. मार्च 1948 मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले आणि नऊ वर्षांचा हा प्रयोग संपला. त्यातील आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही भिंतींविना वसाहत तेवढी टिकली. ‘दो आँखें बारह हाथ’ या 1957 च्या चित्रपटाची प्रेरणा म्हणून ती पुढे देशभर ठाऊक झाली.

प्रति सरकार

येडेमच्छिंद्रचे नाना रामचंद्र पाटील हे सरकारी तलाठी होते. 1930 च्या कायदेभंगाच्या वेळी त्यांनी ती नोकरी सोडली. शेतकरी कुटुंबातून आलेल्या माणसास तलाठ्याची नोकरी ही त्या काळी केवढी प्राप्ती होती, याची कल्पना वतनव्यवस्थेचा इतिहास पाहिल्यावरच येते. जे पद पिढ्यान्‌पिढ्या एका वर्गाकडे होते ते पगारी झाल्यामुळे ज्याच्या हाती आले, त्यानेच तो पगार सोडला. रामशास्त्र्यांच्या राजीनाम्याशी या घटनेचे नाते आहे, पण परिणाम मात्र वेगळे झाले. शास्त्रीबोवा खेड्यात जाऊन शांतपणे राहू शकले. नानांच्या घरादारावर व जमिनीवर पुढे सरकारने जप्ती आणली आणि त्यांच्या कुटुंबास मजुरी करून दिवस काढावे लागले. त्यांच्या कन्या हौसाताई पाटील स्वतः चळवळीत सामील होत्या. 2021 मध्ये त्यांचे निधन झाले. घर गेल्यानंतरचे ते दिवस त्यांनी उतारवयातील मुलाखतींत सांगून ठेवले आहेत.

ऑगस्ट–सप्टेंबर 1942 मध्ये सातारा जिल्ह्यातील कचेऱ्यांवर शेतकऱ्यांचे मोर्चे गेले. वडूज व इस्लामपूर येथे गोळीबार होऊन माणसे मारली गेली. त्यानंतर चळवळ भूमिगत झाली आणि 1943 च्या मध्यापासून तिला समांतर शासनाचे रूप येऊ लागले. किसन वीर, नाथाजी लाड, जी. डी. लाड, नागनाथअण्णा नायकवडी, पांडू मास्तर आदी कार्यकर्त्यांनी गटवार रचना उभी केली. न्यायदान मंडळे, तुफान सेना, गावगुंडांचा बंदोबस्त, कमी खर्चाचे गांधी विवाह, दारूबंदी असा या शासनाचा कारभार 1946 पर्यंत चालला. नाना त्याचे सर्वमान्य अध्वर्यू होते.

या शासनाच्या अधिकाऱ्यांना वेतन नव्हते. न्यायदान मंडळाच्या पंचांना फी नव्हती, वादी–प्रतिवाद्यांना मुद्रांकाचा व वकिलाचा खर्च नव्हता. पूर्णवेळ कार्यकर्ता ज्या गावात रात्री मुक्कामाला जाई तेथील घराने त्याला भाकरी घालावी, दिवसा उसाच्या फडात नाहीतर डोंगराच्या कपारीत लपवावे, असा शिरस्ता होता. चळवळीच्या खर्चासाठी पैसा लागेच. 7 जून 1943 रोजी शेणोली येथे पुणे–मिरज मार्गावरील, सरकारी नोकरांच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटण्यात आली. 14 एप्रिल 1944 रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना अडवून सुमारे साडेपाच लाख रुपये मिळविण्यात आले. शेणोलीच्या प्रसंगातील विरोधाभास लक्षणीय आहे. स्वतः वेतन न घेणाऱ्यांनी दुसऱ्या सरकारचा पगार हस्तगत केला. तुफान सेनेचे कॅप्टन रामचंद्र लाड ऊर्फ कॅप्टन भाऊ यांना या कृत्यास ‘लूट’ म्हटलेले अखेरपर्यंत खपत नसे. इंग्रजांनी जनतेचे लुटलेले आम्ही परत आणले, व त्यातील पैसा कोणाच्या खिशात गेला नाही, असे ते सांगत. 2022 मध्ये वयाच्या शंभरीच्या उंबरठ्यावर त्यांचे निधन झाले.

लाखांची रक्कम हाती असताना पूर्णवेळ माणसाने गावच्या भाकरीवर राहणे ही शिस्त प्रति सरकारच्या नैतिक प्रतिष्ठेचा कणा होती. गावकरी त्याच्या ताटाकडे पाहून त्याच्या निवाड्याची पारख करीत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. वेतन घेणारा फौजदार गावाला अनेक पिढ्या माहीत होता. त्याच्या वेतनावर त्याचे भागत नसे, हेही गावाला माहीत होते. त्याच्या शेजारी हा विनावेतन पंच उभा राहिला.

तथापि या शिस्तीच्या दोन मर्यादा आहेत व त्यांचा विचार इतिहासलेखनात अपुरा झाला आहे. पहिली मर्यादा नियंत्रणाची. पगारी नोकराचा पगार कापता येतो, त्याला निलंबित करता येते. विनावेतन अधिकाऱ्यावर वरिष्ठाचा असा कोणताही ताबा नसतो. जो काही असतो तो निष्ठेचा व लोकलज्जेचा. सातारा जिल्ह्यात हा ताबा बहुतांशी पुरेसा ठरला, पण सर्वत्र नाही. चळवळीच्या नावाचा आधार घेऊन लूट करणाऱ्या टोळ्या निपजल्या व प्रति सरकारला आपली बरीच शक्ती त्यांच्या बंदोबस्तात खर्च करावी लागली. ज्या शिक्षेवरून ‘पत्री सरकार’ हे नाव रूढ झाले, त्या तळपायांवरील माराची कठोरताही या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी लागते. तिचे समर्थन करण्याची गरज नाही.

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. विनावेतन कार्यकर्त्याची भाकरी कोणीतरी थापलेली असते. ती थापणाऱ्या, रात्री अपरात्री चूल पेटविणाऱ्या, पोलीस आले असता तोंडातून शब्द न काढणाऱ्या आणि नवरा भूमिगत असताना शेत कसणाऱ्या स्त्रियांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकर, सांगलीच्या राजमती बिरनाळे, हौसाताई यांच्यासारख्या प्रत्यक्ष चळवळीत उतरलेल्या काहींची नावे आपल्याला ज्ञात आहेत. शेकडो नावे ज्ञात नाहीत. त्या काळात ज्वारी महाग होती, नियंत्रणे होती, युद्धाची टंचाई होती. चारपाच माणसांच्या घरात दोन पाहुणे रोज जेवणे म्हणजे घरातल्या कोणाच्या तरी वाट्याची भाकरी कमी होणे. आर्थिक भाषेत बोलावयाचे तर प्रति सरकारचे प्रशासन विनाखर्च नव्हते. त्याचा खर्च सरकारी तिजोरीऐवजी गावच्या चुलींवर पडला होता. गावांनी तो स्वेच्छेने सोसला, आणि ‘प्रति सरकार’ हा शब्द सार्थ करणारी खरी करवसुली हीच होती.

येथे औंध पुन्हा एकदा समोर येते. प्रति सरकारचे एक प्रमुख केंद्र असलेले कुंडल हे औंध संस्थानात होते. इंग्रज पोलिसांना संस्थानी हद्दीत शिरताना अडचण येई व संस्थानी कारभाराची सहानुभूती लपून राहिली नव्हती. एकाच गावात एकीकडे घटनेने मर्यादित झालेल्या राजाची पंचायत आणि दुसरीकडे वेतन नसलेल्या भूमिगतांचे न्यायदान मंडळ, अशी ही दुहेरी सत्ता जवळपास तीन वर्षे नांदली. हिंदुस्थानात अन्यत्र असे चित्र क्वचितच आढळेल.

स्वातंत्र्यानंतर

1946 मध्ये प्रांतात पुन्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे रद्द झाली आणि भूमिगत प्रकट झाले. नाना पाटील 1957 मध्ये उत्तर साताऱ्यातून व 1967 मध्ये बीडमधून कम्युनिस्ट पक्षातर्फे लोकसभेवर निवडून गेले. तोवर संसद सदस्यांना 1954 च्या कायद्याने दरमहा 400 रुपये वेतन ठरलेले होते. कम्युनिस्ट पक्षात प्रतिनिधीने वेतन पक्षाकडे जमा करावे व पक्षाने त्याला निर्वाहापुरते द्यावे अशी पद्धत होती. वेतन नाकारण्याचा हा तिसरा प्रकार होय. यात वेतन नाकारले जात नाही, व्यक्तीऐवजी संघटनेच्या हाती जाते. निर्धन माणसाला निवडणूक लढविणे त्यामुळे शक्य होते आणि अधिकारपदावरून श्रीमंत होण्याची वाटही बंद राहते. या पद्धतीचे तोटे आहेत, प्रतिनिधी मतदारांपेक्षा पक्षास बांधला जातो हा त्यातला मोठा तोटा. परंतु भारतीय राजकारणात या प्रश्नाला मिळालेले ते एक विचारपूर्वक उत्तर होते.

राष्ट्रीय पातळीवर वेतन नाकारण्याची उदाहरणे तुरळक पण ठसठशीत आहेत. राष्ट्रपती नीलम संजीव रेड्डी यांनी 1977 मध्ये 10,000 रुपयांपैकी 3,000 रुपयेच घेण्याचे जाहीर केले. 2020 मध्ये कोरोनाच्या साथीत संसद सदस्यांचे वेतन एका वर्षासाठी 30 टक्क्यांनी कमी करण्यात आले. अमेरिकेत 1789 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी वेतनाऐवजी केवळ खर्च घेण्याची इच्छा व्यक्त केली होती. तेथील काँग्रेसने तरीही वर्षाला 25,000 डॉलर मंजूर केले. मोठ्या जमीनदाराने घालून दिलेला विनावेतन सेवेचा पायंडा त्यानंतरच्या निर्धन अध्यक्षाला गळफास ठरला असता. त्या दृष्टीने तो निर्णय शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

सातारा–सांगलीच्या खेड्यांत हा प्रश्न आज सरपंचाच्या कचेरीत उभा आहे. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत स्त्रियांसाठी एकतृतीयांश जागा राखीव झाल्या व महाराष्ट्रात 2011 पासून हे प्रमाण निम्मे झाले. खुरपणीला जाणारी, ऊसतोडीला जाणारी स्त्री सरपंच होऊ लागली. सरपंचास मिळते ते ‘वेतन’ नव्हे, ‘मानधन’. शब्दातच ‘मान’ आधी व ‘धन’ मागाहून आहे. मान असला की धन कमी चालते, असे गृहीत धरलेले असते. 2024 मध्ये राज्य शासनाने हे मानधन दुप्पट केले. दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ते दरमहा 3,000 रुपयांवरून 6,000 रुपये झाले. ग्रामसभा, मासिक सभा, पंचायत समितीच्या बैठका, तालुक्याला हेलपाटे यांत बुडणाऱ्या रोजाचा हिशोब मांडला तर या रकमेतून शेतमजूर स्त्रीचा रोज जेमतेम भरून निघतो. दहा एकर बागायत असलेला सरपंच हेच मानधन गावच्या देवळाला किंवा शाळेला देऊन टाकतो, त्याचा सत्कार होतो, आणि पुढच्या निवडणुकीत मजूर स्त्री उमेदवार उभी राहिली की तिला विचारले जाते की मागच्यांनी तर एक पैसाही घेतला नव्हता, तुम्ही घेणार का?